हिवाळ्यासाठी एकच गिअर: मेहुण्याच्या सायकलीचं प्रकरण

हिवाळा संपता संपता मेहुण्याने त्याची गिअरची सायकल माझ्या दारात आणून उभी केली. "दाजी, बघा जरा, काही वाचतंय का." वाचण्यासारखं फार नव्हतं. झीज मोजायचं चेनमाप लावलं तर एक टक्क्याची बाजू अलगद आत गेली, म्हणजे चेन तेवढी झिजली होती. मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, म्हणजे कॅसेटचे, मधले दात झिजून अणकुचीदार झाले होते. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या डिरेलरच्या दोन छोट्या चकत्यांना दात होते हे सांगावं लागलं असतं. मागच्या गिअरची तार आवरणातच गंजून धरली होती, बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो भाग) करकरत होतं, आणि मागच्या रिमवर जिथे ब्रेकचा रबर घासतो तिथे बोट फिरवलं की खड्डा लागत होता. वर्षभर चांगली चाललेली सायकल चार महिन्यांत खाल्ली ती मिठाने आणि वाळूने. बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ पडतं, ते पाण्यात विरघळून चेनच्या प्रत्येक पिनेपर्यंत पोचतं, आणि सोबतची बारीक वाळू पॉलिश पेपरचं काम करते.

दुरुस्तीचा आकडा काढला, तो ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "एवढेच पैसे देतो. पण त्यात पुढच्या हिवाळ्यासाठी फिक्स्ड गिअर बसवून द्या. ही सायकल उन्हाळ्यात बघू."

प्रकरण एवढंच. फिक्स्ड म्हणजे एकच गिअर, तोही मागच्या चाकाला घट्ट जोडलेला: चाक फिरलं की पेडलही फिरतात. मर्यादाही त्यातच ठरली: जुन्या सायकलीच्या दुरुस्तीला जे लागलं असतं, ते १०० भाग धरायचे आणि त्यात नवी हिवाळी सायकल उभी करायची. गडी एक्केचाळिशीतला. आठवड्यातून चार दिवस कामावर जायला २२ किलोमीटर, यायला २२, आणि रविवारी मन लागलं तर साठ-सत्तर. वाटेत जवळजवळ दोन किलोमीटरचा एक चढ, चढण साधारण सहा टक्के. डावा गुडघा पूर्वी एकदा दुखावलेला. हे शेवटचं वाक्य त्याने बोलता बोलता सांगितलं, आणि मी ते हवं तितकं मनावर घेतलं नाही. त्याकडे पुढे येतोच.

माझा पहिला प्रश्न होता, फिक्स्डच का? एकच गिअर आणि मागे साधं फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक मोकळं फिरू देणारं), अशी सायकल घेतली तरी स्वस्ताईचा बहुतेक फायदा मिळतो. डिरेलर नाही, गिअरच्या तारा नाहीत, कॅसेट नाही, चेन सरळ रेषेत चालते म्हणून जास्त टिकते. पैशाच्या हिशेबात दोन्ही जवळजवळ सारख्या. फिक्स्ड जे वेगळं देते ते पायांना देते. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच, त्यामुळे मागचं टायर ओल्या पानांवर किंवा गोठलेल्या पट्ट्यावर पकड सोडायला लागलं की पायांना ते लगेच कळतं. वेग पायांनीच आवरता येतो, म्हणून ब्रेक कमी वापरला जातो आणि रिमही कमी झिजते. उतारावरही पाय चालत असल्याने बोटं-तळवे तितके गारठत नाहीत. कडक थंडीत फ्रीव्हीलच्या आतलं ग्रीस घट्ट होऊन खटके चिकटतात आणि पेडल मोकळंच फिरत राहतं, तो प्रश्नही इथे नाही.

याची किंमतही पायच मोजतात. वळणावर आतला पेडल वर धरून ठेवता येत नाही. उतारावर पाय थांबवता येत नाहीत. बुटाची नाडी चेनमध्ये गेली तर थांबेपर्यंत ती आत ओढली जाते. हे सगळं त्याला ऐकवलं. "म्हणूनच हवीय," म्हणाला. आवडीपुढे इलाज नसतो.

तोडगा निघाला तो दोन्ही बाजूंना आटे असलेल्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात. एका बाजूला फिक्स्ड स्प्रॉकेट (मागची दातेरी चकती), दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, चाक काढून उलटं लावलं की सायकल बदलते. कल्पना फार जुनी. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत स्पर्धकांना डिरेलर वापरायला परवानगीच नव्हती. घाटाच्या पायथ्याशी खाली उतरून, चाक उलटं करून, दुसऱ्या बाजूचं मोठं स्प्रॉकेट चेनवर घेऊन ते वर चढत. आमच्या बाबतीत दुसरी बाजू हा गुडघ्याचा विमा होता.

तीन वाटा

पहिली वाट, तयार मिळणारी स्वस्त फिक्स्ड सायकल. दिसायला सुटसुटीत, किंमत मर्यादेत, पेटीतून काढली की चालू. मेहुण्याचं मन तिथेच अडकलं होतं. मी तिच्या मागच्या टोकाकडे बोट दाखवलं. या सायकलींची ठेवण ट्रॅकवरच्या सायकलीसारखी असते. एक्सल ज्या खाचेत बसतो ती मागच्या बाजूला उघडी, म्हणजे चाक काढायचं तर मागे ओढायचं. मडगार्ड नसेल तर काही अडचण नाही. पण पूर्ण लांबीचा मडगार्ड असेल तर चाक मागे येऊन त्यालाच भिडतं. म्हणजे प्रत्येक पंक्चरला आधी मडगार्डच्या काड्या सैल करा, मग चाक काढा. ओल्या रस्त्यावर पंक्चर जास्त होतात, कारण ओल्या रबरात काच सहज शिरते. अंधारात, गारठलेल्या बोटांनी, पावसात हे काम दोनदा केलं की तिसऱ्यांदा माणूस मडगार्डच काढून ठेवतो, आणि मग हिवाळी सायकल हिवाळी राहत नाही. शिवाय त्या सायकलीला मडगार्ड अडकवायला भोकंच नव्हती, टायर आणि फ्रेममध्ये बोटभरही जागा नव्हती, आणि गिअर होता ४६×१६ (पुढे ४६ दात, मागे १६), म्हणजे सपाट कोरड्या रस्त्यासाठी ठीक. मडगार्ड लावता येत नसेल तर ती सायकल कितीही स्वस्त असो, हिवाळ्यासाठी महागच.

दुसरी वाट, आहे तीच ॲल्युमिनियमची सायकल बदलायची. फ्रेम फुकट, म्हणून मोहाची. पण तिची एक्सलची खाच उभी आहे. गिअरच्या सायकलीत चेनचा झोल डिरेलरचा दांडा ओढून घेतो, त्यामुळे एक्सल पुढे-मागे सरकवायची गरजच नसते. फिक्स्डमध्ये तो दांडा चालत नाही. इथे बरेच जण फसतात. फ्रीव्हीलवाल्या एकगिअरीला स्प्रिंगचा टेन्शनर लावून भागतं, कारण तिच्यात चेनची खालची बाजू कायम सैल असते. फिक्स्डमध्ये पाय मागे रेटले की खालची बाजू ताठ होते आणि तो टेन्शनर वाकवते किंवा मोडून काढते. यावर खरा उपाय दोनच: एक्सल केंद्रापासून बाजूला सरकलेला असा खास हब, किंवा नशिबाने जुळणारा दातांचा आकडा. हबच आमच्या मर्यादेतला निम्म्याहून जास्त वाटा खात होता. आकडा जुळवायचा खेळ कागदावर छान दिसतो, आम्ही एक संध्याकाळ त्यातच घालवली. ४१५ मिमीच्या चेनस्टेला (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या एक्सलकडे जाणारी नळी) ४२×१८ वर ९६ कड्या जवळजवळ बरोबर बसत होत्या. पण ९६ कड्या म्हणजे १२१९ मिमी चेन. ती अर्धा टक्का झिजली की ६ मिमी लांब होते. सरकायला जागा नसेल तर तेवढ्यानेच मधोमध चेन ३ सेंटिमीटरच्या आसपास लोंबते, आणि लोंबलेली चेन फिक्स्डमध्ये उतरली तर मागचं चाक अडकू शकतं. मिठात अर्धा टक्का झिजायला किती दिवस लागतात हे आम्ही नुकतंच पाहिलं होतं. आडव्या खाचेत हेच ६ मिमी म्हणजे एक्सल ३ मिमी मागे ढकलायचा, पाच मिनिटांचं काम.

म्हणून तिसरी वाट: जुनी स्टीलची रोड सायकल, जिच्या मागच्या खाचा लांब, आडव्या आणि पुढच्या बाजूला उघड्या असतात. चाक पुढे-खाली निघतं, मडगार्डला धक्का लागत नाही. अशा खाचा पूर्वी सर्रास असायच्या. खरेदीला निघताना मी त्याला एकच नियम दिला: रंग, स्टिकर, ब्रँड काही बघू नकोस, आधी मागची टोकं बघ.

दोन नाकारल्या, तिसरी घेतली

पहिली फ्रेम देखणी होती. हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाखाली नख फिरवलं तर बारीक फुगवटा लागला. कधीतरी समोरून धडकलेली. परत ठेवली.

दुसरीत सीटपोस्ट हलेना. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट, स्टीलची नळी, मध्ये वर्षानुवर्षांचा ओलावा. दोन धातू एकमेकांना धरून बसतात. विकणारा म्हणाला, थोडं तेल सोडलं की येईल. येतेही कधीकधी. कधीकधी करवतीने आतून कापून काढावी लागते, त्यात दोन रविवार जातात आणि सीटपोस्ट नवी घ्यावी लागते ती वेगळीच. सीटची उंची बरोबर नसलेल्या फिक्स्डवर गुडघा वाचत नाही. परत ठेवली.

तिसरी अख्खी सायकल होती, धूळ खात पडलेली, रंग उडालेला, पण सीटपोस्ट एका हिसक्यात फिरली. मागची रुंदी १२६ मिमी, म्हणजे सहा-सात गिअरच्या काळातली. बॉटम ब्रॅकेटची नळी ६८ मिमी आणि चेनच्या बाजूचे आटे उलटे, म्हणजे इंग्लिश मापाची. हे बघितलंच पाहिजे. तिथे ७० मिमी निघाली आणि दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असले तर ती इटालियन. आणि ३५ मिमीचे जुने फ्रेंच आटे निघाले तर सुटे भाग शोधताना डोळे पांढरे होतात. दोरीचं एक टोक एका खाचेला बांधून, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला बांधलं, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता.

चाकं मात्र २७ इंची होती, आणि ते आमच्या पथ्यावर पडलं. त्या रिमचा व्यास ६३० मिमी, आजच्या ७०० सी रिमचा ६२२. लहान रिम बसवली की टायरच्या वर चार मिलिमीटर जागा जास्त मिळते, मडगार्ड आणि २८ चा टायर दोन्ही बसतात. ब्रेकचे रबर तेवढेच खाली न्यावे लागतात. बोल्टपासून रिमपर्यंत मोजलं तर पुढे ५४ आणि मागे ५६ मिमी. ४७ ते ५७ मिमी पोचणारे ब्रेक मिळतात, ते चालणार होते. नेहमीचे ३९ ते ४९ वाले पोचलेच नसते.

ही सायकल १०० पैकी २६ भागांत आली. त्यात फ्रेम, चिमटा, हँडल, सीटपोस्ट आणि जुना ५२/४२ चा क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढच्या ५२ व ४२ दातांच्या चकत्या) मिळाला. ४२ ची आतली चकती चांगल्या अवस्थेत होती, तिचा पुढे फार उपयोग झाला. पुढचं चाक घरातच होतं.

पैसा कुठे घालायचा

मागचं चाक नवं घेतलं, २७ भागांत. सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि यावरूनच आमचं खरं भांडण झालं. मेहुण्याने एक जुनं चाक शोधून आणलं होतं, जवळजवळ फुकटात. साधा फ्रीव्हीलचा हब, त्यावर फिक्स्ड स्प्रॉकेट घट्ट आवळलेलं, आणि वरून बॉटम ब्रॅकेटची रिंग लावून बंद केलेलं. जुगाड डोकेबाज आहे. फ्रीव्हीलचे आटे आणि इंग्लिश बॉटम ब्रॅकेटचे आटे एकाच मापाचे, १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, म्हणून ती रिंग बसते. पण स्प्रॉकेट आणि रिंग, दोघांचे आटे एकाच दिशेचे. पुढे पेडल मारलं की दोन्ही घट्ट होतात. जोरात मागे रेटलं, म्हणजे नेमकं थांबायच्या घाईत, तर दोन्ही मिळून सुटू शकतात. खऱ्या फिक्स्ड हबला दोन पायऱ्या असतात: मोठ्या पायरीवर स्प्रॉकेट सुलट्या आट्यांवर, छोट्या पायरीवर लॉकरिंग उलट्या आट्यांवर. स्प्रॉकेट सुटायला लागलं की लॉकरिंगच त्याला आवळतं. मी त्याला म्हटलं, बाकी सगळं तुझ्या मनासारखं करू, पण हे चाक माझ्या हातून लागणार नाही. दोन दिवस फोन आला नाही. मग पैसे आले.

हब १२० मिमीचा, फ्रेम १२६ ची. फ्रेम दाबून बसवण्याऐवजी एक्सलवर दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्या घातल्या. दोन्हीकडे सारख्याच, म्हणून चाक मधोमध राहिलं आणि चेनची रेषाही बिघडली नाही. ती रेषा फ्रेमच्या मध्यापासून स्प्रॉकेटपर्यंत ४२ मिमी. पुढे ४२ ची चकती क्रँकच्या आतल्या जागीच ठेवली, तिथे ४१ च्या आसपास माप येतं. बाहेरच्या जागी लावली असती तर ४६ आलं असतं आणि चेन कायम तिरकी चालली असती. एकच चकती असल्याने आखूड बोल्ट लागले, एवढंच. बॉटम ब्रॅकेट बंद बेअरिंगचं घेतलं, कारण मोकळ्या छर्‍यांचं काम मीठ दोन महिन्यांत संपवतं.

चेन साधी, सात-आठ गिअरवाली, ३/३२ इंची. फिक्स्डला जाड १/८ चीच चेन लागते असा एक समज आहे. चकती आणि स्प्रॉकेट ३/३२ ची असतील तर ही चेन पुरते, स्वस्त पडते, आणि स्वस्त असली की माणूस वेळेवर बदलतो.

ब्रेक दोन. त्याला फक्त पुढचा हवा होता, मागचं काम पाय करतील म्हणाला. चेन तुटली किंवा उतरली तर मागचं काम कोण करणार? जुन्या फ्रेमला बोल्टचं भोक सरळ ६ मिमीचं असतं आणि नव्या ब्रेकची आत बसणारी नट ८ मिमी मागते, म्हणून बाहेरून नट लागणारे ब्रेक घेतले, १३ भागांत, तारांसकट. मडगार्ड ९, टायर-ट्यूब ११, स्प्रॉकेट आणि लॉकरिंग ६, बॉटम ब्रॅकेट ५, चेन ३. १०० चा आकडा तिथे पुरा झाला. हत्यारं माझी होती. चेनचा चाबूक, लॉकरिंगचा आकडा पाना, १५ चा पाना, बॉटम ब्रॅकेटची चावी: ही नसतील तर तो खर्च आधीच धरावा, नाहीतर शेवटी तोच अंगावर येतो.

जोडणीतलं एकच सांगतो, कारण ते बोटांचं आहे. फिक्स्डची चेन पुसताना एका हाताने पेडल फिरवून दुसऱ्या हाताने फडकं धरायचं नाही. फडकं चकतीत ओढलं गेलं तर मागोमाग बोट जातं, आणि चाकाचा वेग पेडलला थांबू देत नाही. चाक थांबवून, थोडी थोडी सरकवत, पुसायची. मेहुण्याला मी हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो वैतागला, तरी सांगितलं.

गिअर

इथे मी चुकलो.

त्याला ४८×१७ हवा होता, कारण गिअरच्या सायकलीवर सपाटीला तो तेवढ्यात चालवायचा. २८ च्या टायरचा घेर सुमारे २.१४ मीटर. ४८×१७ म्हणजे पेडलच्या एका फेरीत सहा मीटर, मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी साडेबत्तीस किलोमीटर. ओल्या रस्त्यावर, मडगार्ड आणि जाड कपड्यांसकट, समोरून वारा असताना हा वेग कोण ठेवणार? घासाघीस होऊन ४२×१६ वर आलो. फेरीला ५.६ मीटर, ९० ला ताशी तीस. मध्यम मार्ग काढला याचंच मला समाधान. चढावर तो ताशी तेराने जातो, म्हणजे ४२×१६ ला मिनिटाला जेमतेम ३९ फेऱ्या. प्रत्येक फेरीत गुडघ्यावर किती जोर येतो, तो विचार माझ्या डोक्यात दुय्यम राहिला.

तिसऱ्या आठवड्यात डावा गुडघा बोलायला लागला. आधी फक्त चढानंतर, मग जिने उतरताना. दहा दिवस चाक उलटं करून फ्रीव्हीलवर चालवलं. विमा असा वसूल झाला. त्या दहा दिवसांत १८ दातांचं स्प्रॉकेट आणलं. ४२×१८ म्हणजे फेरीला पाच मीटर, ९० ला ताशी सत्तावीस. कागदावर लाजिरवाणं. चढावर फेऱ्या ४३ वर आल्या आणि जोर नवव्या हिश्शाने कमी झाला. उतारावर मात्र ताशी चाळीसला मिनिटाला १३४ फेऱ्या होतात, पाय शिवणयंत्रासारखे. तिथे तो पुढचा ब्रेक हलका धरून ताशी तीस-बत्तीसच्या वर जाऊ देत नाही. गोठायच्या बेतात असलेल्या रस्त्यावर त्याहून जोरात जायचं कारणही नाही. जुन्या मापात हा गिअर ६३ इंच होतो, आणि हिवाळी सरावाला पूर्वीचे फिक्स्डवाले साठीच्या मध्यातलाच गिअर लावत. त्यांचं ऐकलं असतं तर एक स्प्रॉकेट वाचलं असतं.

स्प्रॉकेट बदलताना चेन तोडावी लागली नाही. एका दाताला एक्सल सव्वातीन मिलिमीटर सरकतो, दोन दातांना साडेसहा. खाच लांब होती, एक्सल पुढे घेतला, मागच्या ब्रेकचे रबर पुन्हा जुळवले. उभ्या खाचेच्या फ्रेमवर हा सगळा प्रसंग नव्या हिशेबाने सुरू झाला असता.

दातांचे आकडे निवडताना स्किड मारून (पाय रोखून, मागचं चाक घसरवून) टायर किती जागी झिजेल याचा हिशेब करणारे लोक आहेत. ४८×१६ ला टायर एकाच जागी झिजतो, ४२×१७ ला सतरा जागी वाटला जातो. मिठाच्या ओल्या रस्त्यावर स्किड मारून थांबायची वेळ आली तर टायरच्या आधी बाकीच्या काळज्या असतात. आम्ही तो हिशेब केला नाही.

हिवाळ्यात काय झालं

पहिल्या आठवड्यात त्याच्या पायांनी सवयीने थांबायचा प्रयत्न केला आणि सायकलने त्याला सीटवरून उचललं, दोनदा. हे सगळ्यांना होतं. मी त्याला पेडलला पाय बांधल्याशिवाय बाहेर जाऊ दिलं नव्हतं, कारण फिरत्या पेडलवरून पाय सुटला तर ते पुन्हा पकडता येत नाही आणि नडगी फुटते.

एका सकाळी चढाच्या सुरुवातीला तो उभा राहून जोर देत होता. टक्कन आवाज आला आणि टायर डावीकडच्या चेनस्टेला घासायला लागला. चेनच्या बाजूचा एक्सल खाचेत पुढे ओढला गेला होता. नट मी चांगले आवळले होते, पण खाचेच्या दोन्ही तोंडांवर जुन्या रंगाचे दोन-तीन थर होते आणि वॉशर गुळगुळीत. रंग दाबला गेला, पकड गेली. चूक माझीच, पण चालत गेला तो. पिशवीत १५ चा पाना नव्हता, म्हणून दोन किलोमीटर सायकल ढकलत. त्या रविवारी नटाखालचा रंग खरवडून कोरा धातू उघडा केला, दातेरी वॉशरचे नट लावले, एक्सलच्या आट्यांना ग्रीस दिलं. त्यानंतर चाक हललं नाही. पाना तेव्हापासून पिशवीत असतो.

आणखी एक गोष्ट आधी मोजायला हवी होती. पुढे मडगार्ड आल्यावर त्याच्या बुटाचं टोक आणि मडगार्ड यांच्यात जागा उरली नाही. वेगात काही फरक पडत नाही, तेव्हा हँडल तेवढं वळतच नाही. पण अंगणात शिरताना, हळू, हँडल पूर्ण वळवलेलं असताना बूट मडगार्डवर आपटतो, आणि इथे पाय मागे धरून ठेवायची सोय नाही. एकदा आडवा झाला, फाटकाशीच, शेजाऱ्यांसमोर. आता पाऊल कुठे आहे ते बघून मगच वळतो. क्रँक १७० मिमीचे ऐवजी १६५ चे असते तर फरक थोडा पडला असता, वळणावर पेडल टेकायची भीतीही कमी झाली असती. पण चांगले क्रँक हातात असताना नवे घ्यायला मन धजलं नाही. ओल्या वळणांवर तो वेग आधीच कमी करतो आणि सायकल कमी झुकवतो.

देखभाल म्हणाल तर रोज आल्यावर नळाच्या गार पाण्याने मीठ धुणं, आठवड्याला चेन पुसून तेल, आणि चेनचा झोल बघणं. मधोमध वर-खाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलायला हवी. चकत्या अगदी गोल कधीच नसतात, म्हणून क्रँक फिरवत सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि झोल तिथे बघायचा. त्याने सुरुवातीला चेन तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली होती. तशी ठेवली तर बेअरिंग जातात.

हिवाळा संपल्यावर जमाखर्च मांडला. दुसरी चेन ३ भाग, १८ चं स्प्रॉकेट ४, नट २. म्हणजे १०० चे १०९ झाले. पुढचे ब्रेक रबर बदलायला आलेत, मागचे अर्ध्यावर आहेत. रिम गुळगुळीत आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत आम्ही भंगाराचा ढीग बघत बसलो होतो, त्यामुळे नऊ भागांची त्याने तक्रार केली नाही. स्प्रॉकेटचे चार भाग मी देऊ केले. घेतले त्याने.

परवा सगळी सायकल खोलून बसलो. फ्रेमच्या नळ्यांत आतून उकळलेलं जवसाचं तेल फिरवायचं होतं, गंज धरू नये म्हणून. सीटपोस्ट काढायला हात लावला तेव्हा दोघंही गप्प होतो. ती अर्धी फिरली आणि बाहेर आली. ग्रीस राखाडी झालं होतं, तळाशी नखाएवढ्या जागेत पांढरी भुकटी जमली होती. फडक्याने पुसली, नवं ग्रीस लावलं, खुणेपर्यंत परत घातली.